ठीक कुठल्या रकान्यात धरायचं, मंगल?

मंगल, तुझ्या शोकसभेच्या फलकावर तुझं नाव चुकलं. 'मंगलाताई' असं छापून आलं. वर तुझा आयकार्डावरचा फोटो. तोच, ज्यात तुला आता शिंक येणार असं वाटतं. सभा कँटीनमध्येच ठेवली होती. पाठक साहेब हात बांधून उभे, सगळे माना खाली घालून स्तब्ध, आणि मी त्या जादा कान्याकडं बघत हसू दाबत होते. दाबता दाबता खांदे हलायला लागले. शेजारी पॅकिंगच्या बाई होत्या, त्यांनी पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, हिला हुंदका आवरंना. मग खरंच आवरला नाही.

पण मला सांग, ह्या कंपनीत तुझं नाव कधी सरळ लागलं होतं? हजेरीत तू मराठीत 'मंगल', पगाराच्या यादीत इंग्रजीत, तेही एक 'ए' जास्त घालून, आणि कँटीनच्या कुपनावर नुसतीच 'एम. ताई'. वेगवेगळी नावं मोजायचा फॉर्म्युला लावला की तू एकटी तीन बायका व्हायचीस. मी ते दुरुस्त करायला बसले तर तूच हात धरलास. "ऱ्हाऊ दे गं. तिघीतली एक तरी रजेवर गेलेली दाखवता येती."

सभेत मला म्हणाले, वैदेही मॅडम, तुम्ही चार शब्द बोला. मी उठले, "मंगल फार चांगली होती," म्हटलं आणि बसले. मोजून चारच. पुढचं तिथं बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून आता तुझ्याशीच बोलते.

रिपोर्टच्या खोलीत तू डिस्पॅचमधून बदलून आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. खिडकी नसलेली ती खोली, भिंतीपलीकडं स्टोअर, त्यामुळं कायम ग्रीसचा वास. मी टेबलावर नीट फोल्डर लावून बसलेली. तू आत आलीस, मोसंब्यांची पिशवी धाडकन माझ्या कीबोर्डवर ठेवलीस आणि म्हणालीस, "आमच्या पैठणच्या मळ्यातली हायेत. खा. आन सांगा मॅडम, तुमचे फॉर्म्युले इतके लांबलचक कामून असत्यात?" कीबोर्डवर मोसंबी पडल्यामुळं माझ्या चालू रिपोर्टच्या एका रकान्यात सात-आठशे वेळा 'ज' उमटला होता. तो पुसेपर्यंत तू माझी खुर्ची घेतली होतीस.

फॉर्म्युले तू डिस्पॅचमध्ये बसून मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकली होतीस, आणि तुला त्यांचा असा नाद लागला होता की विचारू नये. लोकांनी लिहिलेले शब्द मोजायचे म्हटलं की तुझ्या अंगात यायचं. 'गंज', 'चरा', 'पॅकिंग फाटलं', काहीही मोजायचीस. तू ठेवलेली फॉर्म्युल्यांची नावं तर काय सांगावी! 'मोजणी_खरी'. मग 'मोजणी_आता_खरी'. मग 'मोजणी_साहेबांना_दाखवायची'. एकाचं नाव तर नुसतंच 'हात_लावू_नका' होतं, आणि त्याला हात लावला की सगळा डॅशबोर्ड लाल व्हायचा. अजून होतो. परवाच झाला.

सकाळी हर्सूलहून तू स्कूटर काढायचीस आणि औरंगपुऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवत उभी राहायचीस. गल्लीतले दुकानदार शटर वर करता करता म्हणायचे, आली तुमची मंगल एक्स्प्रेस. मी मागं बसायची. जालना रोडला लागलं की तू मान पूर्ण मागं वळवून मला विचारायचीस, "रिकामा रकाना आन रिकामा दिसणारा रकाना ह्यात फरक कसा करायचा गं?" मी ओरडायची, पुढं बघ! आपल्या मैत्रीत मी सगळ्यात जास्त उच्चारलेलं वाक्य तेच असेल. पण प्रश्न तू बरोबर विचारायचीस. त्याच प्रश्नानं पुढं आपलं नाक कापलं.

म्हणजे ते कँटीनचं प्रकरण. तू असताना आपण ते कितीदा एकमेकींना सांगितलं, आणि दर वेळी तू तुझा भाग वाढवून सांगायचीस. आज मला मध्ये तोडणारं कुणी नाही, तेव्हा जसं घडलं तसं सांगते.

आपल्याकडं कँटीन दोन. जुन्या शेडमधलं नर्गिसभाभींचं. भाभी, त्यांच्या दोन जावा आणि डोक्यावर फिरणारा तो खडखड्या पंखा. नव्या शेडमधलं बाहेरच्या ठेकेदाराचं, तिथं सगळं स्टीलचं, चकाचक, आणि वरण मात्र असं की ताटाची नक्षी दिसावी. भाभींचं कंत्राट संपत आलं होतं. पाठक साहेबांच्या मनात आलं की दोन्हीकडं एकच ठेकेदार असला की हिशेब सोपा. पण मोठ्या साहेबांना, म्हणजे प्लांटच्या प्रमुखांना, पुरावा लागतो. म्हणून दोन्ही कँटीनच्या दारात एकेक टॅब लावला. जेवून बाहेर पडताना त्यावर लिहायचं. पाठक साहेबांनी स्वतः प्रश्न टाकला: 'काही तक्रार?' खाली मोकळी जागा.

महिनाअखेरीला त्याचा रिपोर्ट तुझ्याकडं आला. मी दोन दिवस रजेवर होते, नणंदेकडं मुंज होती. तू एकटीनं मांडी ठोकली आणि फॉर्म्युला लिहिलास: तक्रारीच्या रकान्यात ज्या ओळी रिकाम्या नाहीत तेवढ्या मोज, त्या झाल्या तक्रारी. सरळ, सोपं, एका ओळीत. नाव ठेवलंस 'मोजणी_एकदम_खरी'. तक्ता काढलास, रंग भरलेस, आणि मला विचारण्याआधी पाठक साहेबांना पाठवूनही टाकलास. नव्या कँटीनची पट्टी बोटभर. भाभींची पट्टी छतापर्यंत, लालभडक.

मी कामावर आले तर तू खुशीत. "बघ, रंग कसा उठून दिसायलाय!"

मी खालचा मजकूर उघडला. पहिल्या ओळीत 'नाय'. दुसऱ्या ओळीत 'काही नाही'. तिसऱ्या ओळीत इंग्रजी अक्षरांत 'nahi' आणि पुढं नमस्काराचं चित्र. मग 'मस्त'. मग 'भाभी जिंदाबाद'. मग नुसतं टिंब. मग एक ओळ रिकामी दिसत होती, तिच्यात कुणीतरी स्पेस दाबून ठेवला होता.

"मंगल," मी म्हटलं, "तू 'नाय' पण तक्रारीत मोजलंयस."

"लिहिलंय ना? मग मोजलं."

"अगं, काही तक्रार? असं विचारल्यावर माणूस 'नाय' म्हणतोय."

"म्हनू दे. तरी त्यानं हात पुसून, थांबून, बोट लावून लिहिलंय. आन आपण त्याला मोजायचं नाय व्हय?"

"आणि हा स्पेस?"

तू स्क्रीनच्या अगदी जवळ गेलीस. "ह्याला काहीतरी म्हनायचं व्हतं," तू गंभीरपणे म्हणालीस, "पन धीर झाला नाय."

मी हसत सुटले. तू पण. आपण दोघी हसतच होतो तेव्हा नर्गिसभाभी दारात येऊन उभ्या राहिल्या. ओढणीनं हात पुसत होत्या, हात कोरडेच होते.

"मंगल," भाभी म्हणाल्या, "साहब बोले, भाभी, अगले महीने से नक्को. तुम्हारे खाने की भोत तक्रारां हैं, कंप्यूटर में आया है. मैं तो खुद दरवाजे पे खड़ी रह के लोगां को बोलती थी, लिखो बेटा, कुछ तो लिखो. मेरेकू क्या मालूम, इत्ते लोगां नाराज हैं."

तुझा चेहरा तेव्हा मी बघितला. तू एकदा भाभींकडं बघत होतीस, एकदा स्क्रीनवरच्या त्या लाल पट्टीकडं. नव्या कँटीनमध्ये टॅबकडं कुणी बघतसुद्धा नव्हतं, म्हणून तिथली पट्टी बोटभर. भाभींनी माणसामागं माणूस उभं करून लिहून घेतलं, म्हणून त्यांची छताला. बाईनं स्वतःच्या हातानं स्वतःच्या विरुद्ध मतदान करून घेतलं होतं, आणि मोजणी तुझी.

"भाभी, बसा," तू म्हणालीस. "ते नाराज नायत. मी येडी हाये."

भाभी बसल्या नाहीत. कुकर लावलाय म्हणून गेल्या. तू उठलीस आणि तशीच पाठक साहेबांच्या केबिनमध्ये. मी मागं मागं. साहेब फोनवर होते. तू उभ्या उभ्या सांगितलंस, "साहेब, त्यो आकडा खोटा हाये."

"कुणी काढला?"

"मीच."

"मग खोटा कसा?"

"मी काढला म्हणूनच सांगायले ना. दुसऱ्या कुणी काढला असता तर मला कसं कळलं असतं?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तक्ता मोठ्या साहेबांकडं गेला होता आणि त्यांना तो फार आवडला होता. विशेषतः रंग. सोमवारी बैठक होती, त्यात निर्णयावर शिक्का बसणार होता. "सोमवारी सकाळपर्यंत खरा आकडा द्या," पाठक साहेब म्हणाले, "आणि खरा आकडा पहिल्यासारखाच निघाला तर मला आणखी आनंद होईल."

रविवारी मी तुझ्या घरी हर्सूलला आले. तुझ्या सासूबाईंनी शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीच्या भाकरी समोर ठेवल्या, भावजींनी मुलांना घेऊन तलावाकडं काढता पाय घेतला, आणि आपण दोघी पलंगावर मांडी घालून त्या शब्दांच्या ढिगात शिरलो. आधी स्पेस, टिंबं आणि तक्रार नाही म्हणणारे सगळे 'नाय' उपटून टाकले. तू एका स्पेसला हात जोडलेस. मग स्पेलिंगं. 'छान' हा एवढासा शब्द, तो लोकांनी किती तऱ्हांनी लिहावा! छाण, चान, इंग्रजीत एका 'एच'नं, दोन 'एच'नं. एकानं 'शान' लिहिलं होतं. तो छान म्हणत होता की भाभींची शान म्हणत होता, ह्यावर आपला बराच वेळ गेला. शेवटी तू म्हणालीस, दोन्हीकडून चांगलंच हाये, धर.

मग तुला कल्पना सुचली. सगळं वाचत बसण्यापेक्षा, मजकुरात अमुक शब्द आहे का ते फॉर्म्युल्यानं शोधायचं. 'चांगलं' सापडलं की स्तुती. 'कच्चं', 'खारट', 'केस' सापडलं की तक्रार. मी म्हटलं, थांब, 'चांगलं नाही' लिहिलं असेल तर? तू म्हणालीस, बघू की. फॉर्म्युला चालवलास. आणि तुझ्या तोंडचा घास तोंडातच राहिला.

"वैदेही. केस."

खरंच, बुधवारी भाभींच्या कँटीनमध्ये केसांचा पूर आला होता. एरवी महिनाभर एखाददुसरा, आणि त्या एका दिवशी ढीगभर लोकांच्या लिहिण्यात केस. तू तोंडावर हात ठेवलास. "काय झालं आसंल गं बुधवारी? जावा-जावांची झोंबाझोंबी?" तू मोबाइल उचललास, भाभींना फोन लावून टोप्या घालायला सांगणार होतीस. मी तुझ्या हातातून मोबाइल घेतला आणि म्हटलं, आधी वाचू तरी.

पहिली ओळ: 'केसरी शिरा एक नंबर'. दुसरी: 'केसरी शिरा परत कधी'. तिसरी: 'केसरी शिरा अजून वाढायला पाहिजे होता'. सगळ्या ओळींत केसरी शिरा! फॉर्म्युल्यानं बिचाऱ्यानं 'केसरी'मधला 'केस' उपटून काढला होता.

तू पलंगावर आडवी पडलीस. हसून हसून तुला ठसका लागला, सासूबाई पाणी घेऊन धावत आल्या, काय झालं म्हणून विचारायला लागल्या, आणि तू बोटानं लॅपटॉप दाखवत नुसतं "शिरा, शिरा" म्हणत होतीस. त्यांना वाटलं तुला शिरा खायचाय. त्यांनी खरंच केला. आठवतं? त्यात त्यांचा एक लांब पांढरा केस निघाला आणि आपण दोघींनी तो गुपचूप बाजूला केला. तो आपण कुठल्याच रकान्यात धरला नाही.

मग उरलेलं सगळं हातानं वाचलं. फॉर्म्युला फक्त शेवटी बेरजेला. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा स्तुती एका बाजूला, तक्रारी एका बाजूला, आणि मध्ये एक भलामोठा डोंगर उरला. 'ठीक'. 'ठीक आहे'. 'ठिक'. 'बरंय'. 'चालतंय'. 'ओके'. दोन्ही कँटीनमध्ये. भाभींच्या वाट्याचा डोंगर इतका मोठा की तो तक्रारीत टाकला तर भाभी गेल्या, आणि स्तुतीत टाकला तर भाभी वाचल्या.

तिथं आपलं जे भांडण लागलं ते आजपर्यंत मिटलं नाही.

मी म्हटलं, ठीक म्हणजे तक्रारच. आमच्या घरी वडील जेवून 'ठीक' म्हणाले की आई संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलायची नाही. आमच्याकडं आवडलं तर 'उत्तम' म्हणतात. 'ठीक' म्हणजे, सभ्यपणा आहे म्हणून गिळलं.

तू असं बघितलंस माझ्याकडं, जसं काही मी परदेशातून आले आहे. "अगं बाई, आमच्याकडं ठीक म्हंजे लई झालं! माझ्या बापानं उभ्या जन्मात माझ्या आईला एकदा 'ठीक झालंय' म्हटलं. पुरणपोळीला. आई अजून सांगती. तुझ्यासारखं 'उत्तम' म्हटलं असतं तर आईनं आधी कपाळाला हात लावून बघितला असता, ताप हाये का म्हणून."

"मग तुमच्याकडं आवडलं नाही तर काय म्हणतात?"

"काय म्हनायचं? उठून जात्यात."

मी हरणार नव्हते. तू पण नाही. शेवटी तू म्हणालीस, ज्यानं लिहिलंय त्यालाच विचारू. टॅबवर कुपन नंबर होता, त्यावरून प्रेस शॉपचे, म्हणजे पत्रे दाबायच्या मशीनवरचे, एक दादा सापडले. तू फोन स्पीकरवर टाकलास.

"दादा, तुम्ही मंगळवारी कँटीनच्या टॅबवर 'ठीक' लिहिलं व्हतं. त्याचा अर्थ काय धरायचा?"

पलीकडं टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "ताई, काय झालं? माझं काही चुकलं का?"

"नाय नाय. नुसतं सांगा, जेवण आवडलं का नाय आवडलं?"

"ठीक होतं."

"ते लिहिलंय तुम्ही. म्हंजे काय?"

"ठीक म्हंजे ठीक, ताई." मग आवाज खाली आणून, "काढून टाकता येईल का ते? घरी दोन पोरं आहेत."

आपण आणखी कुणाला फोन केला नाही.

सोमवारच्या बैठकीत तू तीन रंगांचा तक्ता लावलास. हिरवं, लाल, आणि मध्ये करड्या रंगाचा तो डोंगर, त्याचं नाव नुसतंच 'ठीक'. लाल दोन्हीकडं चिमूटभर. हिरवं भाभींचं उंच, कारण शिऱ्यानं हात दिला होता. पण करडा रंग सगळ्यावर भारी. पाठक साहेबांनी त्याच्यावरच बोट ठेवलं. म्हणाले, हे समाधानी नाहीत, हे तक्रारीत धरायला हवं. मी मनात म्हटलं, माझंच म्हणणं ह्या माणसाच्या तोंडून ऐकायची वेळ आली. फार वाईट वाटलं.

मोठे साहेब तक्त्याकडं बघत होते. "हे ठीक म्हणजे नक्की काय?"

तू म्हणालीस, "साहेब, आजचा चहा कसा झालाय?"

त्यांनी कपाकडं बघितलं. चहा त्यांच्या केबिनचाच होता, त्यांच्याच माणसानं केलेला. "ठीक आहे," ते म्हणाले.

"मग तक्रार लिहून घिऊ?"

"नाही, नाही!" ते इतक्या घाईनं म्हणाले की कप बशीवर वाजला. "कशाला? बिचारा रोज करतो..." आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि ते हसले. ते हसले म्हणून बाकीचे हसले. पाठक साहेब सगळ्यात शेवटी हसले, पण हसले.

भाभींचं कंत्राट वाढलं. त्या दिवशी शुक्रवार नव्हता तरी भाभींनी त्यांचा शुक्रवारचा बेत, खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा, केला आणि तुझ्या ताटात इतका वाढला की ताट उचलायला दोन हात लागले. पाठक साहेबांनी टॅबवरचा प्रश्न बदलला. 'काही तक्रार?' काढून 'काही सूचना?' टाकलं. पहिल्याच दिवशी दोन्ही शेडमधल्या सगळ्यांनी एकच सूचना लिहिली: पगारवाढ. एकाही माणसाचं स्पेलिंग चुकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी टॅब काढून नेला.

आपलं भांडण मात्र चालू राहिलं. तू मला दिवाळीला नवी साडी कशी दिसते विचारायचीस, मी मुद्दाम 'ठीक' म्हणायची, आणि तू दिवसभर खूश फिरायचीस. मी नवीन रिपोर्ट दाखवला की तू 'ठीक हाये' म्हणायचीस आणि मी तो पुन्हा पहिल्यापासून करायची. माझे रिपोर्ट तुझ्यामुळं सुधारले, मंगल, आणि ते केवळ गैरसमजातून.

मग तू आजारी पडलीस. त्याचं फार सांगत नाही, तुला आजाराच्या गप्पांचा कंटाळा. दवाखान्यात मी तुला भेटायला आले तेव्हा तू उशीला टेकून बसली होतीस, सलाइनच्या नळीनं हात अडकलेला, दुसऱ्या हातानं मोसंबी सोलायचा प्रयत्न चाललेला. सिस्टर आली. "काय मावशी, कसं वाटतंय?"

"ठीक," तू म्हणालीस.

सिस्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेली. मी तुझ्याकडं बघितलं. तू माझ्याकडं बघितलंस. तुला माहीत होतं मी काय विचारणार आहे. विचारलं असतं तर तू सांगितलंही असतंस कदाचित. पण त्या वेळी मला भांडायचं नव्हतं. मी तुझ्या घरचा अर्थ धरला. ठीक म्हणजे लई झालं. तुझ्या हातातली मोसंबी घेऊन मी सोलून दिली, फोडींवरचं पांढरं काढून दिलं, तू म्हणालीस, "औरंगपुऱ्याची लोकं मोसंबी पन फोल्डर लावून खात्यात." मी हसत घरी आले. जेवले. नीट झोपले.

दोन्हींतला कुठला अर्थ होता तुझा, ते आता विचारायचं कुणाला? तुझ्या आईला विचारावंसं वाटलं होतं, त्या दहाव्याला भेटल्या तेव्हा. पण त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "माझी मंगल कामात कशी व्हती गं?" मी तोंड उघडलं आणि माझ्या नकळत म्हणाले, "ठीक होती." आजूबाजूच्या बायका चपापल्या. माझ्याबरोबर आलेली माझी सासू तर माझ्याकडं बघतच राहिली. तुझी आई मात्र पदरानं डोळे पुसत मान हलवायला लागली, पुन्हा पुन्हा, आणि शेजारणीला सांगायला लागली, "ऐकलं का? हापिसातली बाई काय म्हनली बघा माझ्या लेकीला!"

तेवढ्यापुरती तू जिंकलीस, मंगल. मान्य करते.

आणखी एक राहिलंय. मला पुण्याच्या ऑफिसात जागा देत होते ते आठवतं? खिडकीची खोली, हाताखाली माणसं, सगळं. मी नाही म्हटलं तेव्हा तू सिग्नलला स्कूटर थांबवून मला झाडलं होतंस. "येडी का खुळी तू? कामून नाय म्हनलीस?" मी म्हटलं, सासूबाईंचे गुडघे. तू म्हणालीस, म्हातारीला तिकडं घेऊन जा, पुण्यात काय गुडघ्याचे डॉक्टर नायत? मागचे लोक हॉर्न मारत होते, सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला, तरी तुझं चालूच. मी गुडघ्यांवर सगळं ढकलून मोकळी झाले.

सासूबाईंचे गुडघे ठणठणीत आहेत. अजूनही पापड वाळत घालायला दोन जिने चढून जातात. मी पुण्याला नाही म्हटलं कारण मला आधीच दिसत होतं, त्या खिडकीच्या खोलीत सगळे माझ्याशी सहमत होतील. सकाळी गल्लीच्या तोंडाशी कुणी हॉर्न वाजवणार नाही. हे तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू जालना रोडभर चिडवत नेलं असतंस, मान मागं वळवून, आणि आपण दोघी ट्रकखाली गेलो असतो. म्हणून नाही सांगितलं. पुढं सांगू म्हटलं, आणि मग राहिलंच.

पुण्याहून नकाराचा फॉर्म आला होता, त्यात कारण लिहायला एक रकाना होता. मी त्यात एकच शब्द लिहिला, 'कौटुंबिक'. मंगल, ते खोटं नव्हतं.